निघालेला तुकडा जातो कुठे? अमाइनच्या संरक्षक गटांवर वाचकांचे प्रश्न

या अंकातली सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत: सेंद्रिय संश्लेषणात, म्हणजे कार्बनी रेणू बांधताना, अमाइन हा नायट्रोजनचा क्रियाशील गट झाकून ठेवणं आणि काम झालं की तो पुन्हा उघडा करणं. बहुतेकांची तक्रारही एकच, लावताना सगळं सुरळीत होतं आणि काढताना घोळ होतो. आमच्या मते याचं कारण असं की बॉक, सीबीझेड की एफमॉक, या तीन नेहमीच्या संरक्षक गटांपैकी कुठला लावायचा हे ठरवताना बाटली कपाटात आहे का, एवढंच पाहिलं जातं. गट निघाल्यावर त्या तुकड्याचं काय होणार, तो वायू होऊन उडणार, पाण्यात जाणार की आपल्याच रेणूला चिकटणार, हा प्रश्न आधी विचारला असता तर यातली निम्मी पत्रं आली नसती.

फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लावर बॉक लावला. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) सुरुवातीचा पदार्थ संपलेला दिसतो, पण पांढऱ्या पावडरऐवजी चिकट तेल मिळतं आणि उतारा (मिळालेल्या मालाचं प्रमाण) शंभर टक्क्यांच्या वर जातो. काय चुकतंय?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

रिॲक्शन बरोबर झाली आहे, वर्कअप, म्हणजे नंतरचं धुणं आणि वेगळं करणं, कमी पडला आहे. त्या तेलात तुमच्या पदार्थाबरोबर उरलेलं बॉक ॲनहायड्राइड (बॉक लावणारं अभिकारक), टर्शरी ब्युटेनॉल आणि इथिल ॲसिटेट आहे. यातलं पहिलं रोटावर (कमी दाबाखाली द्रावक आटवणाऱ्या यंत्रावर) सहज जात नाही, म्हणून ते आधीच काढायला हवं.

१० मिलीमोलचा हिशेब असा. १.६५ ग्रॅम एल-फेनिलॲलॅनिन १० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, १० मिली पाणी आणि २० मिली डायॉक्सेन किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) घाला, फ्लास्क बर्फात ठेवा. बॉक ॲनहायड्राइड २.४ ग्रॅम, म्हणजे ११ मिलीमोल, थोड्या टीएचएफमध्ये घेऊन हळूहळू सोडा आणि मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या. अर्ध्या तासाने पीएच बघायला विसरू नका. निघणारा कार्बन डायऑक्साइड अल्कली खात असतो. पीएच ८ च्या खाली गेला की अमाइनवर प्रोटॉन बसतो आणि प्रोटॉन बसलेलं अमाइन ॲनहायड्राइडवर हल्ला करत नाही. थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड देऊन पीएच ९ ते १० राखा.

रिॲक्शन संपली की रोटावर टीएचएफ काढा. आता तुम्ही गाळलेली पायरी: आम्ल घालण्याआधी, द्रावण अल्कधर्मी असतानाच, ते हेक्सेनबरोबर दोनदा हलवा. बॉक-फेनिलॲलॅनिन या वेळी सोडियम क्षाराच्या रूपात पाण्यात बसलेलं असतं आणि उरलेलं ॲनहायड्राइड हेक्सेनमध्ये निघून जातं. त्यानंतर पाण्याचा थर बर्फात थंड करा, वर ३० मिली इथिल ॲसिटेट ओता आणि ढवळत ढवळत पोटॅशियम बायसल्फेटचं ५ टक्के द्रावण घालून पीएच २ ते ३ वर आणा. फेस येईल. सेपरेटिंग फनेल पहिल्यांदा हलवल्यावर लगेच कॉक उघडून वायू सोडा. इथे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याचा मोह टाळा, कारण थोडं जरी इथिल ॲसिटेटमध्ये राहिलं आणि रोटाचं पाणी ५० अंशांवर असलं तर लावलेला बॉक तिथेच सुटायला लागतो. पाण्याने आणि मग मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवा, सोडियम सल्फेटवर सुकवा, ४० अंशांच्या आत रोटा करा.

तरीही तेलच राहिलं तर घाबरू नका. थोड्या कोमट इथिल ॲसिटेटमध्ये घेऊन गढूळ होईपर्यंत हेक्सेन घाला, काचकांडीने फ्लास्कची भिंत खरवडा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शुद्ध पदार्थ ८५ ते ८७ अंशांना वितळतो. पूर्ण उतारा २.६५ ग्रॅम असतो. त्याच्या वरचं वजन हे नेहमी कुठलं तरी द्रावक किंवा अभिकारक असतं.

बॉक ॲनहायड्राइड सुमारे २३ अंशांना वितळतं, म्हणून पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत दगड असतो आणि नागपूरच्या मे महिन्यात पाणी. दगड झालाच तर बाटली ३० अंशांच्या कोमट पाण्यात धरा, हॉटप्लेटवर ठेवू नका. तापवल्यावर ते विघटन पावून वायू सोडतं आणि घट्ट बंद बाटलीत दाब चढतो. त्याची वाफ श्वासात जाणं अतिशय घातक असतं, तेव्हा वजन काटा मोकळ्या टेबलावर असला तरी ओतण्याचं काम धुराड्यातच (फ्यूम हूडमध्येच) करा.

टीएलसीवर निनहायड्रिन (अमाइनला रंग देणारं अभिकारक) मारल्यावर बॉक लावलेल्या अमाइनचाही स्पॉट जांभळा येतो. मग गट लागला की नाही हे कळायचं कसं?
— पीएच.डी. संशोधक, औरंगाबाद

हीटगन जास्त वेळ धरली की सिलिकावरच बॉक सुटतो आणि मोकळं झालेलं अमाइन रंग देतं. मोकळं अमाइन मंद उष्णतेवर लगेच रंगतं, बॉकवालं उशिरा आणि जोरदार तापवल्यावर. शिवाय आरएफमध्ये (स्पॉट किती वर चढला त्यात) फरक असतोच: मोकळं अमाइन तळाशी चिकटून शेपूट ओढतं, बॉकवालं नीट गोल स्पॉट देत वर चढतं. रंग कधी आला ते बघा, नुसता आला एवढं पुरेसं नाही.

ॲनिलिनवर एक बॉक हवा होता. रिॲक्शन लवकर व्हावी म्हणून डीएमएपी हा उत्प्रेरक बेस घातला तर दोन नवे स्पॉट आले.
— संशोधन सहायक, नाशिक

ॲनिलिनच्या बाबतीत डीएमएपी ही मदत नसून अडचण आहे. ॲरोमॅटिक अमाइनवर एक बॉक बसल्यावर उरलेला एन-एच बराच आम्लधर्मी होतो, आणि डीएमएपी व जास्तीचं ॲनहायड्राइड समोर असेल तर दुसरा बॉकही बसतो. हा तुमचा एक स्पॉट. डीएमएपीचं प्रमाण एक इक्विव्हॅलंटपर्यंत (अमाइनच्या मोलइतकं) नेलं, विशेषतः ॲसिटोनायट्राइलमध्ये, तर ॲनिलिन आयसोसायनेटमध्ये बदलतं. ते आयसोसायनेट न बदललेल्या ॲनिलिनशी भिडून युरिया देतं. मासमध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये) दोन ॲनिलिनच्या बेरजेपेक्षा २६ ने जास्त असा शिखर दिसला तर तो युरियाच. साध्या ॲनिलिनसाठी तो आकडा २१२ येतो.

साध्या ॲनिलिनला फक्त १.१ इक्विव्हॅलंट ॲनहायड्राइड घालून टीएचएफमध्ये रात्रभर रिफ्लक्स पुरतो, बेसही लागत नाही. नायट्रो किंवा सायनो गटामुळे अमाइन मंद झालं असेल तर सोडियम हेक्सामिथिलडायसिलाझाइड वापरतात, आणि तेही २ इक्विव्हॅलंट. दोन का? तयार झालेला बॉक-एन-एच मूळ अमाइनपेक्षा जास्त आम्लधर्मी असतो, तो स्वतःचा प्रोटॉन अजून न बदललेल्या ॲनायनला देऊन टाकतो. एकच इक्विव्हॅलंट बेस घातला तर रिॲक्शन निम्म्यावर थांबते आणि लोक ॲनहायड्राइडला दोष देतात.

डाय-बॉक झालेला माल फेकू नका. मिथेनॉलमध्ये पोटॅशियम कार्बोनेट घालून रिफ्लक्स केलं की एक बॉक मिथेनॉल घेऊन जातं आणि हवा तो मोनो-बॉक मागे राहतो.

बॉक लावून झालेलं उत्पादन न्यूट्रल असेल तर उरलेलं बॉक ॲनहायड्राइड काढायचं कसं? तिथे हेक्सेनची युक्ती चालत नाही.
— प्रोसेस केमिस्ट, कुरकुंभ

खरं आहे, कारण दोघंही सेंद्रिय थरातच राहतात. मग ॲनहायड्राइडलाच धुता येण्याजोगं करायचं. शिल्लक ॲनहायड्राइडच्या थोडं जास्त इमिडाझोल इथेनॉलमध्ये घाला, खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ढवळा. बॉक-इमिडाझोल तयार होतं आणि ते अगदी विरळ, १ टक्क्याच्या आतल्या, थंड हायड्रोक्लोरिक आम्लाने निघून जातं. मोठ्या बॅचला एन-मिथिलपायपरेझिन सोयीचं पडतं. त्याचं बॉक-उत्पादनही बेसिक असतं, एका सायट्रिक आम्लाच्या धुण्यात बाहेर. तुमचं स्वतःचं उत्पादन बेसिक असेल तर मात्र दोन्ही युक्त्या बाद. तिथे ॲनहायड्राइड ०.९८ इक्विव्हॅलंटच घ्या आणि थोडं अमाइन शिल्लक राहू द्या.

टीएफएने (ट्रायफ्लोरोॲसिटिक आम्लाने) बॉक काढल्यावर मासमध्ये अपेक्षित अमाइनपेक्षा ५६ ने जड शिखर येतो. रेणूत ट्रिप्टोफॅन आहे. हा अर्धवट निघालेला बॉक आहे का?
— पेप्टाइड प्रयोगशाळा, हैदराबाद

नाही, आणि हा फरक ओळखणं महत्त्वाचं आहे. बॉक शिल्लक असलेला रेणू अमाइनपेक्षा १०० ने जड असतो. मासच्या यंत्रात त्यातून आयसोब्युटिलीन, म्हणजे ५६, गळतं आणि उरलेलं कार्बामिक आम्ल अमाइन अधिक ४४ वर दिसतं. म्हणून ४४ दिसलं तर बॉक अजून आहे असं समजा आणि रिॲक्शन पुढे चालू ठेवा. ५६ दिसलं तर बॉक निघाला, पण त्यातून सुटलेला टर्शरी ब्युटिल कॅटायन ट्रिप्टोफॅनच्या इंडोल कड्यावर जाऊन बसला. तो परत काढायचा सोपा मार्ग नाही. मेथिओनिनचं गंधक आणि सिस्टीनचा थायोल हीसुद्धा त्याची आवडती ठिकाणं.

उपाय म्हणजे कॅटायनला दुसरं कुणी तरी पकडायला देणं. टीएफए ९५ टक्के, पाणी २.५ टक्के आणि ट्रायआयसोप्रोपिलसायलेन २.५ टक्के हे पेप्टाइडवाल्यांचं नेहमीचं मिश्रण. गंधक असेल तर त्यात थायोॲनिसोल किंवा इथेनडायथायोल भर घालतात, वासाची तयारी ठेवून. साध्या रेणूसाठी एवढी फौज लागत नाही. १ मिलीमोल पदार्थ ५ मिली डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेनमध्ये), बर्फात, १ ते २ मिली टीएफए हळूहळू, मग खोलीच्या तापमानाला एक तास. स्टॉपर घट्ट लावू नका, प्रत्येक बॉकमागे एक रेणू कार्बन डायऑक्साइड निघतो.

काढून झाल्यावरचे तीन घोळ इथेच सांगून टाकतो, कारण याच धाटणीची आणखी पत्रं आली आहेत.

पहिला वजनाचा. रोटानंतर जे मिळतं ते अमाइन नसून त्याचा टीएफए क्षार असतो, प्रत्येक अमाइनमागे ११४ ने जड, वर चिकटून राहिलेलं जास्तीचं टीएफए वेगळंच. टोल्युइन घालून दोन-तीनदा रोटा करा. तरी पुढच्या कपलिंगमध्ये (अमाइनला आम्ल जोडण्याच्या पायरीत) डायआयसोप्रोपिलइथिलअमाइन क्षारासाठी एक इक्विव्हॅलंट अधिक धरून मोजा आणि ओल्या पीएच पट्टीने खात्री करा. कपलिंग झालं नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा तिथे बेस कमी पडलेला असतो.

दुसरा, टीएफएसकट गरम करून आटवलं तर काही अमाइनवर ट्रायफ्लोरोॲसिटिल गट बसतो आणि मासमध्ये ९६ ने जड शिखर येतो. थंड आटवा.

तिसरा डायपेप्टाइड एस्टरचा. बॉक-ग्लायसिल-प्रोलिन मिथिल एस्टरसारख्या रेणूतून बॉक काढून अमाइन मोकळं केलं की ते स्वतःच्याच एस्टरवर वळतं आणि सहा-कडी डायकिटोपायपरेझिन होतं. मासमध्ये ३२ कमी. असा क्षार मोकळा करून बाटलीत ठेवायचा नसतो. जोडायचं आम्ल आधी ॲक्टिव्हेट करून तयार ठेवा, क्षार त्यात घाला आणि बेस सगळ्यात शेवटी.

एस्टर वाचवायचा असेल तर डायॉक्सेनमधलं ४ मोलर हायड्रोजन क्लोराइडही चांगलं. मिथेनॉलमधलं हायड्रोजन क्लोराइड वापरलंत तर रेणूतलं मोकळं कार्बोक्झिलिक आम्ल मिथिल एस्टर होऊन बाहेर येईल.

बॉक-प्रोलिनच्या एनएमआरमध्ये प्रत्येक शिखर दोनदा दिसतो. भेसळ आहे का?
— एम.एस्सी. विद्यार्थी, सोलापूर

बहुधा नाही. दुय्यम अमाइनच्या कार्बामेटमध्ये नायट्रोजन आणि कार्बोनिलमधला बंध पटकन फिरत नाही, म्हणून दोन रोटामर (त्याच रेणूची दोन वळणं) वेगवेगळे दिसतात. बॉकचा ९ प्रोटॉनचा शिखरही १.४ ते १.५ पीपीएमच्या आसपास दुभंगतो. तोच नमुना डीएमएसओ-डी६ मध्ये ८० अंशांवर चालवा. शिखरं जवळ येऊन एक झाली तर रोटामर, वेगळीच राहिली तर भेसळ.

अमाइन झाकायचंच आहे तर साधा ॲसिटिल गट का नको? स्वस्त आहे, ॲसिटिक ॲनहायड्राइड कुठेही मिळतं.
— निवृत्त शिक्षक, सातारा

ॲसिटिल लागतो झटकन, पण निघत नाही. तो अमाइड आहे, पेप्टाइड बंधाचाच सख्खा भाऊ. त्याला तोडायला ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तासन्‌तास उकळावं लागतं आणि तेवढ्यात रेणूतले बाकीचे अमाइडही तुटतात. मागच्या शतकाच्या सुरुवातीला पेप्टाइड करणारे सगळे याच भिंतीवर आपटत होते. १९३२ मध्ये ड्रेस्डेनला माक्स बेर्गमान आणि लिओनिडास झेर्व्हास यांनी कार्बोबेन्झॉक्सी, म्हणजे सीबीझेड, गट आणला आणि तो हायड्रोजनने, पेप्टाइड बंधाला धक्का न लावता, काढून दाखवला. झेर्व्हासच्या नावाचं आद्याक्षर म्हणून त्याला अजूनही नुसतं झेड म्हणतात.

दुसरं कारण रेसेमायझेशनचं. ॲसिटिल लावलेल्या अमिनो आम्लाचं कार्बोक्झिल ॲक्टिव्हेट केलं की ते सहज ऑक्झॅझोलोन बनतं, आणि ऑक्झॅझोलोनमधला अल्फा प्रोटॉन फार सैल असतो. डावं-उजवं एक होतं. बॉक, सीबीझेड आणि एफमॉक हे तिन्ही कार्बामेट आहेत, त्यांच्यात हा धोका पुष्कळ कमी.

सल्फा औषधं बनवताना ॲनिलिनवर ॲसिटिल लावतात, तिथे तो अगदी योग्य आहे, कारण शेवटी विरळ आम्लात गरम केलं तरी सल्फोनामाइडला काही होत नाही.

सीबीझेड काढायला १० टक्के पॅलॅडियम-कार्बनवर फुग्याने हायड्रोजन दिला. एका बॅचमध्ये रिॲक्शन ६० टक्क्यांवर अडली, दुसरीत मासमध्ये १४ ने जड शिखर आला, तिसरीत ॲरोमॅटिक कड्यावरचं क्लोरीन गेलं.
— डेव्हलपमेंट केमिस्ट, अंबरनाथ

तीन बॅच, तीन वेगळी कारणं.

अडलेली बॅच. आधी गंधक शोधा. आधीच्या पायरीतलं डीएमएसओ, थायोल, सोडियम डायथायोनाइट, अगदी मेथिओनिनसुद्धा पॅलॅडियमला विष आहे. कच्चा माल सक्रिय कोळशावरून एकदा गाळून घ्या आणि ताजं कॅटलिस्ट टाका. गंधक नसेल तर दोषी तुमचं उत्पादन. मोकळं झालेलं अमाइन स्वतःच पॅलॅडियमवर बसून राहतं. १ ते २ इक्विव्हॅलंट ॲसिटिक आम्ल किंवा १ इक्विव्हॅलंट हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की अमाइनवर प्रोटॉन बसतो आणि पृष्ठभाग मोकळा होतो. तिसरी गोष्ट कुणी बघत नाही: सीबीझेडमधून टोल्युइनबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघतो. बंद फ्लास्कवरच्या फुग्यात तो साठत जातो आणि हायड्रोजन विरळ होतो. अर्ध्या तासाने फ्लास्कमधला वायू पंपाने काढून फुगा ताज्या हायड्रोजनचा लावा.

१४ ने जड शिखर म्हणजे अमाइनवर मिथिल बसलं आहे. मिथेनॉलचं पॅलॅडियमवर थोडं फॉर्मल्डिहाइड होतं, ते अमाइनशी इमीन बनवतं आणि हायड्रोजन त्याला मिथिलअमाइन करून टाकतो. रिॲक्शन जितकी लांबते तितकं हे वाढतं. इथिल ॲसिटेट, टीएचएफ किंवा टीएचएफ-पाणी वापरा.

क्लोरीनचं म्हणाल तर अशा रेणूवर सीबीझेड ही निवडच चुकली. ॲरिल क्लोराइड, ब्रोमाइड, ऑलेफिन, नायट्रो, बेन्झिल इथर यांपैकी काही रेणूत असेल आणि ते टिकवायचं असेल तर हायड्रोजन नको. आता हातात माल तयारच आहे म्हणून वाचवायचा, तर ॲसिटिक आम्लातलं ३३ टक्के हायड्रोजन ब्रोमाइड एक तास चालेल. निघालेला तुकडा इथे बेन्झिल ब्रोमाइड होतो, डोळ्यांत पाणी आणणारा आणि अमाइनला अल्किल करणारा. म्हणून आटवत बसू नका, सुका डायइथिल इथर घाला, हायड्रोब्रोमाइड क्षार खाली बसेल, इथरने तो नीट धुवा. मोकळा हायड्रॉक्सिल असेल तर त्यावर ॲसिटिल बसू शकतो, आणि रेणूत बॉकही असेल तर तोही जाईल.

आता सुरक्षेचं, कारण आगी याच पायरीवर लागतात. कोरड्या पॅलॅडियम-कार्बनवर मिथेनॉल ओतू नका. वाफ हवेतल्या ऑक्सिजनसकट पेटते. ५० टक्के पाणी असलेलं कॅटलिस्ट मागवा, नायट्रोजनखाली आधी थोड्या पाण्याने किंवा इथिल ॲसिटेटने भिजवा, मग द्रावण घाला. हायड्रोजन देण्याआधी निर्वात-नायट्रोजनचं चक्र तीनदा, हायड्रोजन काढल्यावर पुन्हा तीनदा. सेलाइटवर गाळताना केक कधीच कोरडा पडू देऊ नका. हायड्रोजन शोषलेलं वापरलेलं कॅटलिस्ट हवेत वाळलं की आपसूक पेटतं. केक लगेच पाण्याखाली, लेबल लावलेल्या बाटलीत. कचऱ्याच्या डब्यातल्या टिश्यूबरोबर तर नाहीच नाही.

फुगा टाळायचा असेल तर अमोनियम फॉर्मेट ४ ते ५ इक्विव्हॅलंट, मिथेनॉलमध्ये रिफ्लक्स. कंडेन्सरच्या आत पांढरं काही तरी चढत जातं, तो उडालेला अमोनियम क्षार असतो. वाट बंद होऊ देऊ नका, मधूनमधून मिथेनॉलने खाली ढकला.

पायपरेझिनच्या एकाच नायट्रोजनवर बॉक हवा आहे. कितीही जपलं तरी दोन्हींवर बसतो.
— विद्यार्थी, रत्नागिरी

दोन्ही नायट्रोजन सारखे असताना पूर्ण निवड मिळत नाही, पण थोडा डाय-बॉक होऊनही तो स्वच्छ वेगळा करता येतो. पायपरेझिन दुप्पट घ्या: ८.६ ग्रॅम, १०० मिलीमोल, २०० मिली डीसीएममध्ये, बर्फात. १०.९ ग्रॅम, ५० मिलीमोल, बॉक ॲनहायड्राइड १०० मिली डीसीएममध्ये घेऊन तासाभरात थेंब थेंब. एकदम ओतलंत तर जिथे पडतं तिथे ॲनहायड्राइडचंच राज्य असतं आणि डाय-बॉक तिथेच तयार होतं. रात्रभर ढवळा, खाली बसलेला पांढरा क्षार गाळा, डीसीएम आटवा.

आता उरलेल्यात १०० मिली पाणी घाला. मोनो-बॉक आणि पायपरेझिन पाण्यात जातात, डाय-बॉक जात नाही. तो पांढरा गाळ गाळून टाका. गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट विरघळवून डीसीएमने तीन वेळा काढा. मोनो-बॉक डीसीएममध्ये येतो, जास्तीचं पायपरेझिन बहुतांशी पाण्यात राहतं. कॉलमची गरज पडत नाही.

लायसिनमध्ये दोन अमाइन आहेत. फक्त बाजूच्या साखळीवरच बॉक कसा बसतो?
— प्राध्यापिका, पुणे

तांब्याने. कॉपर आयन लायसिनच्या अल्फा अमाइन आणि कार्बोक्झिल या दोघांना पकडून पाच-कडी वेढा घालतं. बाजूच्या साखळीचं टोकाचं अमाइन या पकडीत सापडत नाही आणि मोकळं राहतं. ही पकड म्हणजे तात्पुरतं संरक्षणच, वेगळा गट न लावता मिळालेलं.

१० मिलीमोल लायसिन हायड्रोक्लोराइड, १.८३ ग्रॅम, अल्कलीत विरघळवून त्यात १.२५ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीमोल, मोरचूद पाण्यात घालून टाका. गडद निळं द्रावण होतं. सोडियम बायकार्बोनेट घालून ॲसिटोनमधलं बॉक ॲनहायड्राइड सोडा आणि दिवसभर ढवळा. फिकट निळा गाळ येतो, तो बॉक-लायसिनचा कॉपर संकुल. पाण्याने अगदी रंगहीन धुणं येईपर्यंत धुवा, कारण न बदललेलं लायसिन इथेच निघतं.

तांबं काढायला जुनी पद्धत हायड्रोजन सल्फाइडची, विषारी आणि काळं चिकट कॉपर सल्फाइड गाळताना नकोसं करणारी. त्याऐवजी ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन तांब्याच्या दुप्पट मोलपेक्षा किंचित जास्त, इथे साधारण १.५ ग्रॅम, पाण्यात संकुलाबरोबर ढवळा. हिरवट पिवळा कॉपरचा गाळ खाली, बॉक-लायसिन पाण्यात. जास्तीचं क्विनोलिन इथिल ॲसिटेटने धुऊन काढा. मोकळ्या अल्फा अमाइनवर एफमॉक लावला की घन आधारावरच्या पेप्टाइड संश्लेषणाची रोजची बाटली तयार.

एफमॉक लावताना क्लोराइडऐवजी एफमॉक-सक्सिनिमाइड वापरा. क्लोराइड अमिनो आम्लाच्या कार्बोक्झिलवरही बसून मिश्र ॲनहायड्राइड देतं आणि त्यातून डायपेप्टाइडची भेसळ होते. काही टक्क्यांची असली तरी नंतरच्या प्रत्येक साखळीत एक अमिनो आम्ल जास्त लागलेले रेणू सापडतात.

एफमॉक काढताना २० टक्के पायपरिडिन हा बेस वापरतो. दोन तक्रारी: ॲस्पार्टिक-ग्लायसिन असलेल्या पेप्टाइडमध्ये १८ ने कमी आणि ६७ ने जास्त अशी शिखरं येतात. आणि द्रावणात, रेझिनशिवाय (साखळी ज्या घन आधाराला चिकटवतात त्याशिवाय), एफमॉक काढला तर पांढरा कचरा कॉलमवरही सुटत नाही.
— पेप्टाइड केमिस्ट, हिंजवडी

पहिली तक्रार ॲस्पार्टिमाइडची. पायपरिडिनमुळे ग्लायसिनच्या नायट्रोजनवरचा प्रोटॉन जातो, तो नायट्रोजन ॲस्पार्टिक आम्लाच्या बाजूच्या एस्टरवर वळतो आणि कडं तयार होतं. पाणी गेल्यासारखं १८ कमी. मग ८५ वजनाचं पायपरिडिन ते कडं उघडतं, म्हणून मूळ वजनापेक्षा ६७ जास्त. पायपरिडिनच्या द्रावणात ०.१ मोलर एचओबीटी (हायड्रॉक्सिबेन्झोट्रायझोल) घातल्याने हे बरंच कमी होतं. साखळी लांब असेल, म्हणजे ॲस्पार्टिक-ग्लायसिन नंतर अजून वीसेक वेळा एफमॉक काढायचा असेल, तर तेवढ्याने भागत नाही. तिथे ग्लायसिनच्या नायट्रोजनवर डायमिथॉक्सिबेन्झिल गट असलेला तयार तुकडा वापरा. प्रोटॉनच नसेल तर वळणार काय?

दुसऱ्या तक्रारीतला पांढरा कचरा म्हणजे डायबेन्झोफुल्वीन आणि त्याचं पायपरिडिनबरोबरचं जोडउत्पादन. बॉकचा तुकडा उडून जातो, सीबीझेडचा टोल्युइन होऊन जातो. एफमॉकचा तुकडा मात्र जड, पाण्यात न जाणारा आणि प्रत्येक द्रावकात तुमच्या मालाबरोबर फिरणारा. रेझिनवर तो डीएमएफच्या (डायमिथिलफॉर्मामाइड या द्रावकाच्या) पाच-सहा धुण्यांत निघून जातो, म्हणूनच एफमॉक तिथे इतका रुळला. द्रावणात पायपरिडिनऐवजी ट्रिस-२-अमिनोइथिल-अमाइन वापरून पाहा. त्याचं फुल्वीनबरोबरचं जोडउत्पादन पीएच ५.५ च्या फॉस्फेट बफरमध्ये धुतलं जातं. डायइथिलअमाइनने काढून आटवण्याची पद्धत दिसायला सोपी, पण त्यात फुल्वीन मोकळं राहतं आणि साठवणीत पॉलिमर होतं. उत्पादन ध्रुवीय घन असेल तर हेक्सेनमध्ये किंवा थंड इथरमध्ये ढवळून धुणं बऱ्याचदा पुरतं.

गट किती निघाला हे मोजायचं असेल तर धुणीतल्या फुल्वीन-पायपरिडिनचं शोषण ३०१ नॅनोमीटरला बघा, मोलर शोषणांक ७८०० धरून. प्रत्येक चक्रात आकडा हळूहळू उतरत असेल तर साखळी मध्येच थांबते आहे. एकदम खाली आला तर त्याच्या आधीचं कपलिंग तपासा. आणि डीएमएफच्या बाटलीला माशासारखा वास येत असेल तर ती एफमॉकच्या कामाला वापरू नका. जुन्या डीएमएफमध्ये डायमिथिलअमाइन साठतं. ते कपलिंग चालू असतानाच थोडा एफमॉक काढतं आणि तेच अमिनो आम्ल साखळीत दोनदा जोडलं जातं.